आठ जणींचा डबा

"एकटी? मी एकटी?" नऊ नंबर फोनवर एवढ्या जोरात ओरडली की खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीचं मशीन थांबलं. "अरे, सात मैत्रिणी आहेत मला! सात! तुझ्या त्या दहा मजली इमारतीत तुझी चौकशी करणारी सात माणसं आहेत का, ते सांग आधी!"

पलीकडे तिचा मुलगा होता. तो मुलखाचा घुमा. दर रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन यायचा, आणि गेले काही महिने दर फोनच्या शेवटी तेच पालुपद असायचं. आई, तू तिथे एकटी आहेस, इकडे ये राहायला. आधी ती हसून सोडून द्यायची. मग नाकावर राग यायला लागला. आणि त्या रविवारी तर तिचा तोलच गेला, कारण तो हळूच म्हणाला, "आई, त्या महिन्यातून एकदा चहा प्यायला येतात. चहाला काय, कुणीही येतं."

नऊ नंबर हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजात, परगावचे फोन जोडून देणाऱ्या नवव्या बोर्डावर तीस वर्षं काढलेल्या ऑपरेटरला लोक दुसरं काय म्हणणार? तिथे सगळ्याच नंबराच्या. सात नंबर म्हणजे बोलघेवडी, तीन नंबर म्हणजे गुडघेवाली, बारा नंबर म्हणजे गाडीत बसलं की जिचं पोट ढवळतं ती. एक्स्चेंज बंद पडलं, त्या जागी पुठ्ठ्यांचं गोदाम झालं, केस पांढरे झाले, कुणाचे नवरे गेले, कुणाची मुलं परगावी गेली. नंबर मात्र चिकटले ते चिकटले.

"बरं," मुलगा शेवटी म्हणाला. "मग त्या सातही जणींना एक दिवस घराबाहेर काढून दाखव. एकच दिवस. जमलं तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

"आणि नाही जमलं तर मी सामान बांधून तुझ्या दारात उभी राहते! घे, दिला शब्द!"

झालं! म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण, त्यातली गत. फोन ठेवल्यावर तिला घाम फुटला. मुलाकडे जायचं नव्हतं तिला. मुलगा वाईट होता असं नाही, सून तर बोलायलाही गोड. पण तिकडे गेलं की आपण पाहुणे. चहा हवा तर कुठल्या डब्यात पावडर ते विचारा, पंखा लावू का म्हणून विचारा, आणि रात्री खोकला आला तरी उशीत तोंड खुपसून खोका. इथे दोनच खोल्या होत्या, पण अंधारात हात घातला तरी काडेपेटी सापडायची. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. संध्याकाळी सहानंतर घर खायला उठायचं, हे खरं. ती मोठ्यांदा वर्तमानपत्र वाचायची, अगदी टेंडरच्या जाहिरातीसुद्धा, नुसता आवाज व्हावा म्हणून. हे मुलाला सांगायची तिची काय बिशाद होती? सांगितलं असतं तर तो दुसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन आला असता.

बेत तिने दुपारपर्यंत ठरवूनसुद्धा टाकला. डोंगरावरची छोटी गाडी! गावापासून जवळच होती. वाफेचं जुनं इंजिन, अरुंद रूळ, चार बुटके डबे, चार बोगदे आणि डाव्या हाताला खोल दरी. शंभर वर्षांची म्हणून रेल्वेने जपून ठेवलेली. लांबलांबून लोक बघायला यायचे, आणि ही बाई एकदाही गेली नव्हती. गंमत म्हणजे वरच्या स्टेशनचे फोन तीस वर्षं तिच्याच बोर्डावरून जायचे. तिथल्या मास्तरचा खोकला तिला पाठ होता, स्टेशन मात्र पाहिलेलं नव्हतं.

आठ माणसं असली तर मागचा छोटा डबा अख्खा राखून मिळतो, असं तिकीट खिडकीवरच्या कारकुनाने सांगितलं. तिने तिथल्या तिथे पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारचा डबा नक्की केला. मग घरी येऊन ड्यूटी चार्ट आखतात तसा तक्ता आखायला बसली. बारा नंबरला इंजिनाकडे तोंड करून बसवायचं. सात नंबरला खिडकी, नाहीतर ती वरपर्यंत फुगून बसेल. तीन नंबर दाराजवळ. स्टेशनच्या पुढच्या बाजूला बावीस पायऱ्या होत्या, तीन नंबरचे गुडघे त्यात कामाला आले असते, म्हणून तिने दोनदा जाऊन पाहणी केली. पार्सल ऑफिसच्या मागून उतार निघाला. तोही तक्त्यावर चढला. इंजिन पाणी घ्यायला कुठे थांबतं, किती मिनिटं थांबतं, तेवढ्यात आठ जणी स्वच्छतागृहात जाऊन येतील की नाही, याचंसुद्धा गणित मांडलं. लग्नाच्या वेळी तिच्या वडिलांनी एवढी तयारी केली नसेल.

आता प्रश्न आमंत्रणाचा. फोनवर विचारणं तिला पटेना. फोन म्हणजे काम. आपल्या माणसांना समोरासमोर विचारावं. म्हणून तिने महिन्याच्या चहाचा दिवस धरला.

सातही आल्या. बैठकीच्या खोलीत मावेनात म्हणून दोघी पलंगावर बसल्या. चहा झाला, बिस्किटं झाली, मग तिने तक्ता काढून भिंतीला टेकवला.

"अगं बाई!" सात नंबर म्हणाली. "किती गं हुशार तू! हिला मंत्री करा कुणीतरी."

"बोगद्यात दिवे असतात का?" तीन नंबरने विचारलं.

"असतात. मी विचारलंय."

"नाही, कारण आमच्या जिन्यातला दिवा गेलाय तर माझं परवा काय झालं..."

आणि तीन नंबर परवा काय झालं ते सांगायला लागली. त्यावरून गोष्ट गुडघ्यांवर गेली, गुडघ्यांवरून डॉक्टरवर, डॉक्टरवरून कुणाच्या तरी सुनेवर. नऊ नंबर गाडी पुन्हा पुन्हा रुळावर आणायची, ती पुन्हा पुन्हा घसरायची. सहा वाजले तशी एकीने घड्याळ पाहिलं आणि बघता बघता सगळ्याच उठल्या. दारात चपलांची ही गर्दी!

नऊ नंबर वही-पेन्सिल घेऊन दारात उभी राहिली. एकेकीला गाठून विचारलं, "शनिवारचं लक्षात आहे ना? गाडीचं?"

सात नंबर चपलेचा पट्टा लावता लावता म्हणाली, "हो गं बाई. येते."

टिक. तीन नंबर कठडा धरत म्हणाली, "बरंय मग, येते हं." टिक. बारा नंबर म्हणाली, "उशीर झाला बाई, येते." टिक. पाच मिनिटांत साती जणी झाल्या. एक्स्चेंजातल्या शिस्तीप्रमाणे नऊ नंबरने प्रत्येकीचे शब्द शेऱ्याच्या रकान्यात जसेच्या तसे उतरवून घेतले. जिना उतरणाऱ्या पावलांचा आवाज थांबेपर्यंत ती दारातच होती. मग आत येऊन सात कप विसळले आणि कधी नव्हे ती गुणगुणली.

दिवस जवळ आल्यावर तिने मोबाइलवरच्या गटात निरोप टाकला. शनिवार, सकाळी साडेआठ, स्टेशन, पार्सल ऑफिसच्या मागून यावे. उत्तरादाखल तीन अंगठे आले आणि चार जोडलेले हात. अंगठे काय, त्या गटात रोजच्या सुप्रभातालाही पडायचे. आता जोडलेल्या हातांचा अर्थ 'हो' की 'माफ कर बाई', हे ज्याचं त्याने ठरवावं. हिने सात मोजले आणि निवांत झाली.

"सातही?" रविवारी मुलाने विचारलं.

"सातही. लिहून घेतलंय मी."

"बरं," तो म्हणाला. ती पुढे बोलतच राहिली, तक्ता, पायऱ्या, उतार, बोगदे. सूनबाई कुठेय, हे शेवटी विचारलं तेव्हा तो म्हणाला, अंघोळीला गेलीय. मागच्या रविवारीही ती अंघोळीलाच गेली होती. नऊ नंबरच्या ते ध्यानात आलं नाही. तीस वर्षं तिने दुसऱ्यांचं ऐकलं होतं, आता आठवड्यातून एकदा तिला बोलायचं असायचं.

शनिवारी ती आठलाच स्टेशनवर हजर. खांद्यावर पिशवी, पिशवीत आठ जणींपुरतं पाणी, बारा नंबरसाठी आल्याच्या गोळ्या. इंजिन फुसफुसत उभं होतं. फलाटावर कुठल्यातरी ऑफिसची मंडळी सहलीला आली होती, एकसारख्या टोप्या घालून, नुसता कल्लोळ. साडेआठ झाले. पावणेनऊ झाले. ती पार्सल ऑफिसच्या मागे जाऊन आली. उतारावर एक हमाल तेवढा विडी ओढत बसला होता.

नऊला दहा कमी असताना तिने सात नंबरला फोन लावला.

"अगं नऊ! बोल, सकाळी सकाळी?"

"कुठे पोचलीस?"

"पोचले? कुठे पोचू? मी गवार मोडतेय."

"गाडी आहे ना आज! वीस मिनिटांत सुटते."

"आजच होती का ती? अगं, ते तू खरंच ठरवलंस?"

"खरंच म्हणजे? तू दारात मला काय म्हणालीस? येते म्हणालीस ना?"

 सात नंबरला हसू आवरेना. वाईट हसू नव्हतं ते, पण हसूच. "अगं माझे बाई, मी चपला घालत होते! घरी जाताना माणूस काय म्हणतं, जाते? येते म्हणाले, म्हणजे निघाले. तीस वर्षं फोनवर बसून तुला एवढंही कळेना? फोनवर सगळी 'ठेवते' म्हणतात, दारात 'येते' म्हणतात!"

नऊ नंबरने वही उघडली. येते. येते हं. उशीर झाला बाई, येते. चला, येते. सात ओळी होत्या, तिच्याच सुवाच्य अक्षरातल्या. एकीनेही गाडीचं नाव काढलेलं नव्हतं. बाकी सहा जणींना फोन लावायची गरजच उरली नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि जेवायला बसलेली ती एकटी.

"रागावलीस का गं?" सात नंबर विचारत होती. "पुढच्या महिन्यात बघू या ना. आणि फोटो पाठव हं!"

खोटं कशाला बोला, तिला रडू आलं. भर फलाटावर, पिशवी धरून. राग सात नंबरचा नव्हता. ती बिचारी गवार मोडत होती, तिच्या घरात गवार खाणारी पाच तोंडं होती. राग स्वतःचाच आला. एवढी कशी आपण हपापलेलो की निरोपाचा शब्दसुद्धा होकार म्हणून घरात घेतला?

तेवढ्यात फोन वाजला. मुलगा.

"आई, आल्या का सगळ्या?"

टोपीवाल्या मंडळींनी नेमकी त्याच वेळी इंजिनाबरोबर फोटो काढायला आरडाओरड सुरू केली. नऊ नंबरने डोळे पुसले, फोन त्यांच्या दिशेने धरला, मग पुन्हा कानाला लावला.

"ऐकलंस? काय गोंधळ चाललाय बघ. आल्या, आल्या. सगळ्या आल्या."

"सातही?"

"सातही! सात नंबर आत्ताच खिडकीवरून भांडतेय."

"बरं झालं," मुलगा म्हणाला. "बरं झालं, आई. मिटलाच मग प्रश्न." आणि त्याने फोन ठेवला.

गार्ड तिकीट बघायला आला. कागदावर आठ, समोर एक. "बाकीच्या?" त्याने विचारलं. तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली. "पुढच्या डब्यात फार दाटी झालीय, त्यातले चार-पाच इथे बसवू का?" तो म्हणाला.

"नको," ती फटकन म्हणाली. "येतील त्या पुढच्या स्टेशनवर."

मध्ये स्टेशन नव्हतं, हे गार्डला ठाऊक होतं आणि तिलाही. त्याने कागदाला भोक पाडलं आणि मुकाट्याने दार लावून घेतलं.

गाडी सुटली. ती इंजिनाकडे तोंड करून बसली, बारा नंबरच्या जागी. समोर सात जागा, धुवून पुसून लख्ख. पहिला बोगदा गेला, मग दरी आली. पुढच्या डब्यातून "अरे बघ, बघ!" असे आवाज उठले. तिने खिडकीबाहेर पाहिलं, पण नजर काही ठरेना. खरं तर खूश व्हायला हवं होतं. ती जिंकली होती. दोन खोल्या तिच्या, काडेपेटी तिची, आता पुन्हा कुणी विषय काढणार नव्हतं. मग हे जिंकल्यासारखं का वाटेना?

दुसऱ्या बोगद्यात तिच्या कानात तो आवाज परत वाजला. बरं झालं.

माणसाचा चेहरा वाचण्यात ती ढ होती, हे आजच सिद्ध झालं होतं. पण फोनवरचा आवाज! तिथे तिला कोण फसवणार? नोकरी लागल्याचं सांगणारे, कुणी गेल्याचं कळवणारे, सगळं ठीक आहे म्हणत घशात आवंढा गिळणारे, हजारो आवाज तिच्या कानावरून गेले होते. सुटकेचं 'बरं झालं' कसं असतं ते तिने झोपेतही ओळखलं असतं. त्यात शेवटी श्वास सुटतो. मुलाचा श्वास सुटला नव्हता, आत अडकला होता. पलीकडे घंटा वाजत राहावी आणि कुणी उचलूच नये, तेव्हा माणूस ऑपरेटरला जसं म्हणतो, "राहू दे मग, ताई," तसं होतं ते.

म्हणजे पोराला ती हरायला हवी होती! का?

तिने तिथल्या तिथे फोन लावला. रेंज नव्हती. इंजिन पाणी घ्यायला थांबलं, सगळे उतरले, तिने तिथेही लावून पाहिला. नाही. उरलेल्या दोन बोगद्यांत आणि त्यांच्यामधल्या त्या प्रसिद्ध वळणावर, जिथे म्हणे अख्खी गाडी आपल्याच शेपटीला बघते, ही बाई मान खाली घालून मोबाइलवर रेंजची काडी उगवण्याची वाट पाहत होती.

वरच्या स्टेशनवर काडी उगवली. फलाटाच्या टोकाला एक बाक होता, तिथे ती बसली.

"आई? पोचलात का सगळ्या?"

"कुणी आलं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे कुणी नाही. एकही नाही. मी खोटं बोलले तुला. तो गोंधळ परक्या लोकांचा होता. मी एकटी आलेय, आठ जणींच्या डब्यातून. हरले मी. आता हस."

तो हसला नाही. पलीकडे एवढी शांतता होती की तिला त्याच्या घरातल्या फ्रिजची घरघर ऐकू आली. शनिवारची सकाळ, अकरा वाजलेले, आणि घरात दुसरा कसलाही आवाज नाही. भांड्याचा नाही, नळाचा नाही, बोलण्याचा नाही. तिने कान टवकारले.

"सूनबाई कुठेय?" तिने विचारलं.

"अंघोळीला..."

"खरं सांग."

"गेलीय," तो म्हणाला. "फेब्रुवारीतच गेली. दुसऱ्या गावी बदली मागून घेतली तिने. परत येणार नाही म्हणते."

"फेब्रुवारी? अरे, आठ महिने झाले! आठ महिने तू मला दर रविवारी फोन करतोस, आणि मला म्हणतोस मी एकटी आहे?"

"मग काय म्हणू?" मुलाचा आवाज फुटला. "चाळीस वर्षांचा घोडा झालोय मी. मी एकटा आहे असं म्हणता येईना, आई. म्हणून तू एकटी आहेस असं म्हणत राहिलो."

तिने फोन कानाला घट्ट दाबला.

"मग तू सात जणींचं सांगायला लागायचीस," तो म्हणाला. "तक्ते आणि काय काय. वाटायचं, आईचं तरी चांगलं चाललंय. आज आल्या म्हणालीस तेव्हा ठरवलं, आता नाही विचारायचं."

गाडी वर थोडाच वेळ थांबून परत फिरायची, गार्डने शिट्टी फुंकली. टोपीवाले पळत डब्यांत चढले. गार्डने दुरून तिच्याकडे पाहून हात केला, चला बाई. तिने मान हलवली आणि त्याला जायची खूण केली. पुढची गाडी चारला होती. इंजिन कर्कश ओरडलं, तेव्हा तिने फोनवर आडवा हात धरला, पलीकडचा एकही शब्द बुडू नये म्हणून.

"गाडी सुटली का तुझी?" मुलाने विचारलं.

"सुटू दे. तू बोल," ती म्हणाली. "फेब्रुवारीपासून सांग."

तो बोलायला लागला. घुमा पोरगा, आधी अडखळत, मग भराभर. तिने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.